धुऱ्यावर न दिलेलं बोट

प्रिय भाऊ,

तू गेल्याला भाताच्या तीन रोवण्या झाल्या. आज लिहितोय, कारण काल आपल्या भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या वीतभर मातीच्या बांधावरून, मी चिखलात पडलो. उघडीप होती, धुरा कोरडा होता, पाय घसरला नाही. मग पडलो कसा?

तू पहिल्यांदा पडलास तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? "रोवणी आली का याचे पाय जाते." बांधीभर हशा पिकला. दुष्टपणात माझी वाक्यं नेहमीच चांगली जमतात.

पण मी तरी काय समजायचं? खाटेवर निजलास की एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून रेघ ओढल्यासारखी सरळ न्यायचास. जाळं विणताना एक गाठ चुकत नव्हती. आणि उभा राहिलास की पाय फाकवून डुलायचास. टेकू नसला तर बसल्याबसल्याही! मला ते सोंगच वाटायचं.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो खिडकीला धरला. मागे, खाली लहान मेंदू. बाजूंचे दोन गोळे हातापायांची कामं नेमकी करवतात. मधली अळीसारखी पट्टी धड तोलते, चाल सांभाळते. तुझी पट्टीच झिजली होती. मी विचारलं, "म्हणजे सोंग नाही?" तू खाली बघितलंस. भाऊ, तुला राग आला होता की हसू?

तू मागायचास एवढंच, "बोट दे ना बे. भार नाई टाकत." खरंच टाकत नव्हतास. वहिनीच्या बोटाला नुसतं टेकलास तरी धुऱ्यावर सरळ चालायचास. बिनभाराच्या बोटानं माणूस सावरतो कसा? डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. मी मात्र "लहान पोट्टा आहेस का?" म्हणून हात मागे घ्यायचो. याच धुऱ्यावर मला चालायला तूच शिकवलं होतंस.

काल वहिनीनं मला पडताना पाहिलं. जवळ येऊन बोट पुढे केलं. "धरा भाऊजी. लाजता काऊन?"

"मले काई झालं नाई," म्हणालो, आणि चार पावलांवर परत पडलो.

वहिनी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

माझीही पट्टी झिजतेय की साधी भोवळ आहे, मला ठाऊक नाही. नागपूरला जाईनच. पण उद्या रोवणीच्या सगळ्या बायांसमोर वहिनीला बोट मी स्वतः मागणार आहे. हसायचं वाक्य त्यांनी आपलं आपण जुळवावं. मी देणार नाही.

तुझा धाकटा,
नामा