परंदवडीला न जेवता गेलात

सर, तुम्हाला जाऊनही आता पंधरा वर्षं होतील, पण तुमच्यावरचा माझा संशय काही गेला नाही. लोणावळ्याच्या कॉलेजात तुम्ही शिकवायचात की धर्म माणसांनी मागाहून केले. बरं-वाईट त्याच्या आधीपासून माणसाच्या स्वभावातच आहे, तोच निसर्गनियम. दारी आलेल्याला जेवू घालणं आणि प्रेमानं वाढलेलं खाणं, हा तुमचा ठरलेला दाखला. तुम्ही लिहिलेल्या पुस्तकातही तोच आहे. मी बौद्धवस्तीतून आलेला. मला त्या दाखल्याचा केवढा आधार वाटायचा.

माझा एम.ए.चा निकाल लागला तेव्हा तुमचं ते पुस्तक भेट द्यायला तुम्ही परंदवडीला आमच्या घरी आलात. आई सकाळपासून चुलीपुढे. इंद्रायणीचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी. ती ताट घेऊन येते आणि तुम्ही हात जोडून म्हणता, "माफ करा, आज माझी एकादशी आहे." देव न मानणाऱ्या माणसाची कसली एकादशी? मी बघतच राहिलो. पाणी तेवढं प्यालात, तेही तांब्या वर धरून, ओठ न लावता. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "आसंल रं त्यांचा उपास. तू लय इचार करतुस." मी म्हटलं, तू भोळी आहेस. त्यानंतर मी तुमच्या घरी पाऊल टाकलं नाही. तुमच्या आजारपणातही नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजात तुमच्या पुस्तकावर चर्चासत्र झालं. मीही आता तुमचाच विषय शिकवतो, म्हणून मला बोलावलेलं. व्यासपीठावरून मी ही हकिकत सांगितली आणि म्हणालो, सरांचा निसर्गनियम आमच्या उंबऱ्यापाशी संपला. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी तुमची मुलगी जवळ आली. शांतपणे म्हणाली, "बाबा एकादशी करायचे. आजीला शब्द दिला होता. पटत नाही, पण शब्द मोडवत नाही, असं म्हणायचे." मनात म्हटलं, मुलगी बापाची बाजू घेणारच.

घरी येऊन पुस्तक काढलं. पहिल्या पानावर तुमची सही आणि त्या दिवसाची तारीख. फोनवर जुनं पंचांग उघडलं. एकादशीच होती, सर.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. इतकी वर्षं मी धरून बसलेलं सगळं बरोबर ठरायला तुम्ही खोटे निघायला हवे होतात. अजूनही मन म्हणतं, यायचा दिवस ठरवताना एकादशी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? तुमच्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. पंचांग पाहिल्याचं मी तिला सांगितलेलं नाही.