तीन किलोमीटर खालची भोकं

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामी काय म्हणतात ते विचारत नाही. मी धडधाकट आहे, फक्त परवापासून तोंडचं पाणी पळालं आहे.

तुम्ही खटपट करून चिकटवलंत त्या प्रयोगशाळेत मी खडकाचे काप घासतो. तीन किलोमीटर खालून वाळूच्या दगडाची कांडी येते. तिच्या पोकळ्यांत निळी राळ भरायची आणि काप कागदाहून पातळ करायचा; निळं दिसलं तिथे पोकळी, आणि पोकळी असेल तिथेच तेल साचण्याची आशा. वरच्या ओझ्याने वाळूचे कण एकमेकांत रुततात, उरल्या फटींत चुना जमतो, म्हणून इतक्या खोल निळं फारसं दिसत नाही. (हे काप तपासणाऱ्या आमच्या मॅडम सांगत होत्या. मी त्यांच्या बटेकडे पाहत होतो, म्हणून अर्धंच ऐकलं.)

कांडी त्यांच्या हाती लखलखीत जावी म्हणून राळ भरण्याआधी मी ती दुपारभर आम्लात बुडवली. फसफसली. मला वाटलं, मळ निघतोय. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि खुर्चीतून उठल्याच. चौथा हिस्सा निळा! मामा, त्यांनी स्वतः मला चहा करून दिला. रोज.

चौथ्या दिवशी त्यांचं टिपण चोरून वाचलं, तर चुना आम्लात विरघळतो म्हणे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आणि त्या तर आत साहेबांना तिथेच विहीर खणा म्हणून सांगत होत्या, स्वतःच्या सहीने. मी बैठकीत घुसलो. डोकं तापलेलं, त्यामुळे कबुलीसुद्धा भांडल्यासारखी दिली, की भोकं जमिनीची नाहीत, मी पाडली आहेत. साहेबांचा आ वासलेला तसाच राहिला. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "दगड पुन्हा कापता येईल रे. पण चार दिवस तू माझा चहा पीत होतास."

मामा, यापेक्षा थोबाडीत बरी.

आपला,
बंड्या

ता. क. नव्या कापात निळं जवळजवळ नाहीच. फक्त एक कण जमिनीतच आतून झिजून पोकळ झालेला. मॅडमनी बोलावून दाखवला, म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे." नोकरी शाबूत. चहा बंद.

ता. क. दुसरा. कॉलेज सोडल्याचं आईला आठ महिने सांगितलेलं नाही. रोज तिच्या हातचा डबा खातो. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हीच घरी येऊन सांगा. मी बाहेर अंगणात उभा राहीन. आत येताना फाटक उघडं ठेवा, पळावं लागलं तर.