सिनेमा लहानांना झेपला, मोठ्यांचं सांगते

अहो,

"बैल कधी बोलतो का? उगाच आपलं काहीतरी!" सिनेमा सुरू होताच बाबा माझ्या कानाशी कुरकुरले. "जन्म गेला गुरांच्या दवाखान्यात. कुठं दुखतंय ते एकानं तरी सांगितलं असतं, तर निम्मं काम वाचलं असतं."

धाकटीला सिनेमा झेपेल का, असं तुम्ही विचारलं होतं. तिला झेपला. बकरीच्या बढाया ऐकून ती खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. आता शेजारी खेळतेय, तिला घेऊन या. मी कामावर जातेय, जेवण झाकून ठेवलंय.

प्रश्न मोठ्यांचा आहे. सिनेमातल्या म्हाताऱ्या बैलाला मालक हवापालटाच्या नावाखाली परक्या गोठ्यात सोडायला निघतो. वृद्धाश्रमाचं नाव न घेता आपणही बाबांना हवापालटच सांगितलाय. ते न्हाणीघरात पडले तेव्हा घरी कुणी नव्हतं, त्या धास्तीनं तुम्ही हे ठरवलंत, हे मला कळतं. मीही मान डोलावली होतीच. पण आज मला पडद्याकडे बघवेना, आणि शेजारी बघायची हिंमत नव्हती.

बाहेर आल्यावर बाबांनी वाकून धाकटीच्या चपलेचा पट्टा लावला आणि वर न बघताच मला म्हणाले, "सूनबाई, तो काही मला विचारायचा नाही, म्हणून मीच सांगतो. मला वृद्धाश्रमात जायचं नाही."