पाच शब्द

३ फेब्रुवारी
मेदेयीनहून सात तास बस, पण पोहोचले ती खुशीत. आरोग्यकेंद्रामागची खोली मिळाली आहे. खिडकीतून कॉफीचे उतार दिसतात. परिचारिका निदियाने आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, आणि गुळाचे गरम पाणी पुढे ठेवले आणि बजावले, डॉक्टरबाई, इथली म्हातारी माणसं तुम्हाला सहज बनवतील, जपून.
आईचे हे गाव. इथल्या काही घराण्यांत विसर चाळिशीतच शिरतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी आईने मला माझे नाव विचारले. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. रक्ताची तपासणी अजून केलेली नाही. का, ते इथेही लिहिण्याचा धीर होत नाही.

६ फेब्रुवारी
निदिया खरे बोलली होती. स्मरणाच्या चाचणीत आधी पाच शब्द वाचून दाखवायचे, मग कागदावर घड्याळ काढायला लावायचे, शेवटी ते शब्द विचारायचे. पण आमची यादी गावाला पाठ आहे. सत्तरीच्या डोन एलियेसेरांनी घड्याळाचे सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले, पण यादी माझ्या आधीच म्हटली: खोगीर, लिंबू, घंटा, चादर, नदी. लिहा पुरे गुण. त्यांची बायको, डोन्या ओतिलिया, सकाळच्या कॉफीबरोबर त्यांच्याकडून घोकून घेते. वर मलाच विचारते, चांगल्या माणसाला वेडा ठरवायला पगार मिळतो का तुम्हाला?
फार चिडले. मग वाटले, आईसाठी मी वेगळे काय केले असते?

१० फेब्रुवारी
नवी यादी केली: शिडी, मीठ, पोपट, सुई, वीट. निदियालाही दाखवली नाही. उद्या डोन एलियेसेरांकडे जाईन.

११ फेब्रुवारी
कागद पिशवीतून काढायच्या आत त्यांनी पाचही शब्द म्हटले. परत येऊन निदियाला नको ते बोलले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, डॉक्टरबाई, आज जेवलात का?
तो प्रश्न उद्धटपणाचा होता की नव्हता, ठरवता येत नाही.

१४ फेब्रुवारी
कागद कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. तरी तेच. आता डोन्या ओतिलियाच वैतागली. अहो बाई, पाच दिवसांत ही चौथी खेप, तुम्हाला साखर दोन चमचे लागते तेसुद्धा मला पाठ झालं, आता अजून किती घोकून घेऊ यांच्याकडून?
साफ खोटे. मी एकदाच — दोनदाच गेले आहे.

१५ फेब्रुवारी
कपाट उघडले. डोन एलियेसेरांच्या चार उत्तरपत्रिका. पहिलीवर दहा तारीख. चारही नव्या यादीच्या. अक्षर माझे.
निदियाने गिरवले असेल. पण किल्ली —

१६ फेब्रुवारी
निदियाने रुग्णाची खुर्ची पुढे केली. मी म्हटले, मी चाचणी घेते, देत नाही. ती हळू आवाजात म्हणाली, मग तुमचेच शब्द सांगा ना, बाई. पाचच तर आहेत.
खोलीत आले. दार लावले. ती बाहेर उभी आहे.
माझेच शब्द. मीच केलेले. मागचे पान उलटायचे नाही, ती लबाडी होईल.
शिडी. मीठ. पोपट. सुई.
नदी — नाही, ती जुन्या यादीतली.
शिडी, मीठ, पोपट, सुई आणि —