टाळ येत नाहीत

बाबा,

तुमचे स्पीकर बघायला आज एक माणूस येऊन गेला. जुने, चांगल्या जातीचे स्पीकर शोधत फिरतो म्हणे. आल्या आल्या त्याने खोक्यावर बोटाची पेरं आपटून बघितली, मागे नाक लावून ओलीचा वास येतो का ते बघितलं, आणि माझं डोकं असं तडकलं की चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. राग तुमच्यावरचा होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो आहे तिथेच आहे. तो आता कुणावर काढणार, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही शाळेत गणित शिकवायचात, पण रत्नागिरीत लोक तुम्हाला ओळखायचे ते तुमच्या कानासाठी. भजनाच्या पेटीचा सूर उतरलाय असं वाटलं, नाटकाच्या तालमीत कुणाचं गाणं बिघडलं, देवळात नवी घंटा आणली, की बोलवा मास्तरांना. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि तुम्ही म्हणाल ते अखेरचं. याचा तुम्हाला अभिमान होता, आणि तो लपवायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. तर निवृत्तीच्या तोंडावर तुम्ही जाहीर केलंत, की आता घरात चांगले स्पीकर आणायचे. दुकानातले नवे म्हणजे नुसते डबे, परदेशी नवे आपल्याला झेपणारे नाहीत, तेव्हा कुणी आखातातून नाहीतर बोटीवरून आणलेले, वापरलेले पण अस्सल असे घ्यायचे. दिवसही त्याला बरे होते. घरोघरी व्हिडिओचं वेड लागलं होतं आणि त्याला जागा करायला लोक स्पीकर काढून टाकत होते. आईने एवढंच विचारलं, "ठेवणार कुठे?" तुम्ही म्हणालात, "तांदळाचं पिंप हलव." मला कुणी काही विचारलं नाही. माझी बँकेतली नोकरी नुकती लागली होती, रविवार एवढाच माझा म्हणावा असा दिवस होता, आणि तो तुम्ही परस्पर घेऊन टाकलात.

आपली वरात अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे तुम्ही, हातात बॅटरी आणि पेचकस. मागे मी, आणि माझ्या छातीशी आईच्या विटक्या साडीत गुंडाळलेली तुमची भजनाची रेकॉर्ड. दुसऱ्याच्या घरातली रेकॉर्ड तुम्हाला चालायची नाही, माहितीतलंच गाणं लागायचं. पहिलं घर राजिवड्यातलं. आखातातून परत आलेला तो गृहस्थ किती कौतुकाने जाळीचं कापड काढून दाखवत होता! तुम्ही खोक्यातल्या मोठ्या स्पीकरचा कागद बोटांनी हळूच आत दाबता, घासल्याचा आवाज येतो का ते ऐकता. कडेचा फोम भुगा झालाय का, ते नखाने बघता. मागची फळी उघडायला लावता, वायरींवर हिरवट कळक, तांब्याचा गंज, चढलाय का ते बॅटरीने शोधता. एका वेळी एकच खोकं वाजवायला सांगता, मग दुसरं, मग दोन्ही. त्याची आई चहा घेऊन दारात ताटकळत उभी, आणि तुम्ही डोळे मिटून खुर्चीत. मग डोळे उघडून तुम्ही निकाल दिलात, "टाळ येत नाहीत."

"काय सांगता मास्तर!" तो गृहस्थ उडालाच. "मला तर येतात ऐकू."

मलाही येत होते. टाळ पडल्यावर मागे जी किणकिण रेंगाळते ना, तीसुद्धा येत होती. मी तसं म्हणाले, तर दुसऱ्याच्या वहीतून गणित उतरवणाऱ्या पोरीकडे बघावं तसं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "वरचा छोटा स्पीकर गेलाय," तुम्ही त्याला समजावलंत. "बारीक आवाज तोच काढतो. समुद्राला लागून घर तुमचं. खारी हवा." आणि आपल्याकडे खाऱ्या हवेचं नाव काढलं की वाद संपतो. दाराची कडी जाते, सायकलची साखळी जाते, पंख्याचं पातं जातं, सगळं तिच्याच माथी. तो माणूस आपल्याच स्पीकरकडे संशयाने बघायला लागला. "असंल बुवा," म्हणाला. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मग गुहागर. जयगडला तरीने खाडी ओलांडून, पुढे एसटीने, ऊन डोक्यावर घेत आपण त्या मुंबईहून परतलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पोचलो. पोफळींच्या सावलीतलं घर, आणि स्पीकर तर असे, की मी मनातल्या मनात आपलं पिंप हलवूनसुद्धा टाकलं. पुन्हा बॅटरी, पुन्हा पेचकस, पुन्हा डोळे मिटणं. आणि पुन्हा तेच, "टाळ येत नाहीत." त्या सज्जन माणसाने मान डोलावली. "तुम्ही म्हणता तर असेल मास्तर, इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत," म्हणाले, वर आपल्याला जेवायला वाढलं. मागाहून कळलं, की असले निकामी स्पीकर विकणं बरं नाही म्हणून त्यांनी ते देवळाला देऊन टाकले. पुढे बँकेतल्या मैत्रिणीच्या लग्नाला मी गुहागरला गेले होते. त्या देवळात भजनाची रेकॉर्ड लागली होती आणि टाळ असे खणखणत होते, की शेजारच्या हॉलमध्ये अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या मला रडावं की हसावं कळेना. स्पीकर चांगले होते. राजिवड्याचेही चांगले होते. बिघाड कुठे आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी इतकी चिडले बाबा, की दया यायला जागाच राहिली नाही. अहो, दोन चांगल्या माणसांच्या चांगल्या वस्तू तुम्ही खोट्या ठरवल्यात, आणि तुमच्या नावाला मान देऊन त्यांनी ते ऐकून घेतलं!

तरी त्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आपण हातखंब्याला. हायवेवरच्या हॉटेलवाल्याने माडीवर स्पीकर लावून ठेवले होते, बोटीवर असलेल्या भावाने आणलेले. तुम्ही ऐकलंत. मी खिडकीतून खाली उभ्या ट्रकांकडे बघत राहिले, कारण पुढचं मला पाठ होतं. "टाळ येत नाहीत," तुम्ही म्हणालात. "खारी हवा."

हॉटेलवाला हसायला लागला. "मास्तर, हितं कुठला आलाय समुद्र? टाळ वाजतायत की वो चांगले!"

तुम्ही पुन्हा डोळे मिटलेत. "नाही. छोटा स्पीकर गेलाय."

आणि माझा तोल सुटला. "येतायत बाबा! मला येतायत, ह्यांना येतायत, खाली चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांना येतायत. तुम्हाला येत नाहीयेत!"

रेकॉर्ड चालूच होती. हॉटेलवाल्याने उगाच खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसायला घेतलं. मला वाटलं आता तुम्ही माझ्यावर ओरडाल. ओरडायला हवं होतंत. तुम्ही बॅटरी खिशात घातलीत आणि साध्या आवाजात विचारलंत, "तुला येतायत?"

"हो."

"दोन्हींतून?"

"हो, बाबा."

"मग झालं," तुम्ही हॉटेलवाल्याला म्हणालात. "बांधून द्या."

परतीच्या एसटीत दोन्ही खोकी बाकावर आणि आपण उभे. कंडक्टर ओळखीचा निघाला. "मास्तर, ह्या दोघांची पन तिकिटं काढायची काय?" म्हणाला. सगळी गाडी हसली, तुम्हीही हसलात. तुमच्याकडे होतं काय, तर तो कान. तो मी एका परक्या माणसासमोर, त्याच्या माडीवर, खाली पाडला होता. तरी राग गेला नाही माझा. एवढा हुशार माणूस, वायरीवरचा कळक बॅटरीने शोधतो आणि स्वतःच्या कानाची शंका त्याला शिवत नाही? की शिवली होती, आणि म्हणूनच प्रत्येक घरी तुम्ही इतकं ठासून सांगत होतात? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्हीही घरी आल्यावर आईला एवढंच म्हणालात, "लेकीने पसंत केले."

आणि मग नवाच ताप. भजनी मंडळी पेटी दाखवायला आली की तुम्ही सांगायला लागलात, "तिला विचारा, आता तिचा कान." मला सा कुठला आणि रे कुठला कळायचं नाही, आणि त्यांचे बुवा माझ्यासमोर पेटी ठेवून, भाता धरून, अपेक्षेने बसलेले! संध्याकाळी रेकॉर्ड लागली की तुमचा एकच प्रश्न. "आले?" मी पोळ्या लाटता लाटता आतून ओरडायची, "आलेऽ!" पुढच्या कडव्याला पुन्हा, "आले?" आई कपाळावर हात मारून घ्यायची. माझी बदली होईपर्यंत हे रोज, आणि पुढे माहेरी आले की पिशवी खाली ठेवायच्या आत.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी रजा घेऊन आले होते. तुमची खाट बाहेरच्या खोलीत आणली होती. रेकॉर्ड लावली, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एका खोक्याशी गुडघे टेकून कान लावला, मग दुसऱ्याशी. पखवाज होता, पेटी होती, गाणाऱ्या बुवांचा आवाज होता. टाळ नव्हते. मागची फळी उघडली, तर वायरी हिरव्यागार. दोन्ही छोटे स्पीकर गेले होते. खाऱ्या हवेनेच. तुमचं म्हणणं एकदाचं शब्दन् शब्द खरं ठरलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते तुम्हाला सांगायची सोय राहिली नव्हती. इतकी चडफडले मी त्या दिवशी!

"आले?" तुम्ही खाटेवरून विचारलंत.

तुमचा हात चादरीवर होता आणि बोटं ठेका धरत होती. टाळ जिथे पडायचे तिथेच पडत होती, एकदाही न चुकता.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी तुम्हाला जे "आले, बाबा" म्हणत होते, ते तुमच्या बोटांकडे बघून म्हणत होते.