इंजिन मीच बांधणार

५ ऑगस्ट, शनिवार
निर्णय झाला. बाबांच्या मोटारसायकलचं इंजिन मी स्वतः बांधणार.
गाडी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. दोन वर्षं जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी आहे. तेल संपलं, इंजिन जाम झालं. बाबा सगळ्यांना सांगतात, तेल बघायला मीच विसरलो. (त्या दिवशी गाडी मी चालवत होते. पण तो वेगळा मुद्दा.)
मामाने बाबांसाठी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर जागा बघितली आहे. वस्तीपासून अकरा किलोमीटर. पाळी पहाटे सहाची, तेव्हा बस नसते, म्हणून अट एकच : स्वतःचं वाहन हवं. १ सप्टेंबरला हजर व्हायचं. पंप चालू करायचा, बंद करायचा, मधे खुर्चीवर बसायचं. गोदामातली पोती बाबांच्या कमरेला आता झेपत नाहीत. परवा भिंत धरून उठले.
सव्वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

६ ऑगस्ट, रविवार
बाबा म्हणाले, दर रविवारी दोघं मिळून बसू, तू हाताखाली राहा. मी नम्रपणे नाही म्हटलं. गॅरेज बंद पडेपर्यंत ते तीस वर्षं मिस्त्री होते, मान्य. पण त्यांचं सगळं ज्ञान बोटांत. लिहून ठेवलेलं काहीच नाही. शास्त्रशुद्ध पद्धत वेगळी असते. शिवाय जन्मभर राबलेल्या माणसाला एक इंजिन तरी आयतं मिळावं. गाडी तयार होईपर्यंत हात लावायचा नाही, असं वचन घेतलं. बाबा बरं म्हणाले.
आई म्हणाली, दोन इंटरव्ह्यू झाले, आता इंजिनाची पाळी का?
घरातल्या पहिल्या पदवीधराला एवढं ऐकून घ्यावंच लागतं.
संकल्प : रोज चार तास काम. प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी. चिडायचं नाही.

९ ऑगस्ट
इंजिन उघडलं. पिस्टनवर मांजराने ओरबाडल्यासारखे उभे चरे. एक बोल्ट मोडला. बोल्टच जुना होता.
थोडी चिडले.

१० ऑगस्ट
आईने चिठ्ठ्यांसकट सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवून पुसून ठेवले. किती घाण होती गं, म्हणाली. चिठ्ठ्यांचा लगदा. आता कुठला नट कुठला, देव जाणे. बाबा दारातून नुसते बघून एकेक सांगत गेले. सगळं बरोबर निघालं. मी मॅन्युअलच्या झेरॉक्समधून पडताळून घेतलं, कारण नुसत्या आठवणीवर विसंबणं बरं नाही.

१२ ऑगस्ट
लेथवाल्याकडे गेले. सिलिंडरची मापं दशांशापर्यंत एका कागदावर काढून नेली होती. त्याने कागदावर चहाचा ग्लास ठेवला. सिलिंडर आण, म्हणाला, कागदाला भोक पाडून देऊ का? मग निरखून बघितलं : तू मिस्त्रींची पोरगी ना? घरात विहीर असताना इथे पाणी कसलं शोधतेस, बाई?
मी शांतपणे सांगितलं की मी पदवीधर आहे.
तो म्हणाला, मग जरा जपून.

१९ ऑगस्ट
बजेट हा मोठा शिक्षक आहे. स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी इंजिनात गेली. (क्लास पुढच्या वर्षीही असतो.) सिलिंडर आतून नवीन मापाला कापून आणला. पिस्टन भंगारवाल्याकडचा, पण चांगल्या घरचा वाटतो. रिंगा नव्या.
बाबा गोदामातून आले, पाटावर न बसता जमिनीवर आडवे झाले. झोपल्या झोपल्या विचारलं, क्रँक हाताने फिरवून बघितलास का, अडकतो का कुठे? म्हटलं, वचन आठवतंय ना? हसले. त्यांना माझा अभिमान वाटतो, हे दिसतं.

२४ ऑगस्ट
महत्त्वाचा दिवस. गॅस्केट.
तेलाचा पंप तेलाच्या टाकीतलं तेल ओढून सगळ्या इंजिनात पोचवतो. त्याच्या झाकणाखाली जाड कागदाचं गॅस्केट लागतं, नाहीतर तेल गळतं. या गाडीचं तयार गॅस्केट आता मिळत नाही. बाबांची पद्धत : कागद थेट पंपाच्या तोंडावर ठेवायचा आणि कडेकडेने छोट्या हातोडीने टकटक करायचं. कडा, भोकं, सगळं आपोआप उमटतं. ठोकून बघ, म्हणाले, दोन मिनिटांचं काम.
हातोडी! म्हणूनच आपले कारागीर मागे राहतात. मी मॅन्युअलच्या पान त्रेचाळीसवरची आकृती घेतली, पट्टी आणि कंपासने मूळ मापाला मोठी केली आणि ब्लेडने कापली. साडेतीन तास लागले. बोल्टची चारही भोकं अचूक. आकृतीत डावीकडे एक काळा ठिपका दिसतो, पण तो झेरॉक्सचा डाग आहे. वगळला.
कागद पदवीच्या फाइलचा. चिवट आहे, सोनेरी अक्षरांचा. पदवी कपाटात आहेच, फाइल नुसती मिरवायला.

२७ ऑगस्ट, रविवार
सुरू झाली!!
अकराव्या किकला. तीन मिनिटं चालली, मग पेट्रोल वाचवायला बंद केली. आईने कानांवर हात ठेवले, पण हसत होती. मामा म्हणाला, पोरीने नाक राखलं, मी पंपहाऊसच्या साहेबांना शब्द देऊन बसलोय. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. विचारलं, तेलाच्या टाकीचं झाकण काढून बघितलंस ना, तेल फिरून परत येतंय ना?
मी हो म्हटलं. झाकण सकाळी काढलं होतंच, तेल ओतायला.
बाबा म्हणाले, तू बघितलंयस ना, मग झालं.

३० ऑगस्ट
तेल परत येतंय का, ते उद्या बघून टाकू. खरं तर गरज नाही. पुस्तकाप्रमाणे बांधलं की तेल येणारच. पुन्हा बघायचं म्हणजे पुस्तकावर अविश्वास.

३१ ऑगस्ट
आज पेट्रोलची टाकी पुसून चकचकीत केली. बाबांचा शर्ट इस्त्री केला. गोदामाच्या मुकादमाला ते सांगून आले, उद्यापासून येत नाही. आल्यावर आईला म्हणाले, आता बसून खायचे दिवस. आई म्हणाली, बसा हो, पण पंप चालू करून मग बसा.
तेल बघायचं राहिलं.

१ सप्टेंबर, सकाळी सव्वापाच
बाबा निघाले. कोपऱ्यावर वळताना हात वर केला. आज या घरात शिक्षणाचं सार्थक झालं.

त्याच दिवशी, दुपारी एक
चौथ्या किलोमीटरला इंजिन जाम झालं. गाडी एका कुंपणाला टेकवून बाबा उरलेले सात किलोमीटर चालत गेले. पोचेपर्यंत साडेसात. साहेबांनी दुसऱ्या माणसाला बसवलं होतं. म्हणाले, पाणी कुणासाठी थांबत नाही. बाबा परत चालत गाडीपर्यंत आले आणि ढकलत घरी आणली. शर्ट पाठीला चिकटला होता.
पेट्रोल भेसळीचं असणार.

२ सप्टेंबर
किंवा लेथवाल्याने सिलिंडर घट्ट ठेवला.
किंवा बाबांनी नवीन इंजिन जोरात पळवलं.
मामा दारातूनच ओरडला, चपलाही काढल्या नाहीत. माझ्या शब्दाची माती केलीत. कोणी बांधलं हे इंजिन?
मी आत होते. बाबांचा आवाज आला, इंजिन झकास होतं रे, तेल बघायला मीच विसरलो.
मामा म्हणाला, दोन वर्षांपूर्वीही हेच! वय झालं दाजी तुमचं, मान्य करा.
बाबा म्हणाले, हो, झालं.
मी बाहेर जाणार होते. तेवढ्यात मामा गेला.

३ सप्टेंबर, रविवार
वचन संपलं म्हणून बाबांनी आज इंजिन उघडलं. सरळ पंपाच्या झाकणाला पाना लावला. बाकी कशाला हात लावला नाही.
गॅस्केट पुसून माझ्या हातात दिलं. बोल्टची चार भोकं, मधे सोनेरी 'विद्या'. तेल जिथून वर जातं त्या जागी कागद कोरा, अखंड.
मी म्हटलं, पान त्रेचाळीसवर...
बाबांनी ते परत घेऊन उजेडात धरलं. म्हणाले, कापलंयस मात्र सुरेख.
मग उरलेली फाइल मागितली. एक तुकडा पंपाच्या तोंडावर ठेवला, छोटी हातोडी माझ्या हातात दिली. टकटक. चार मोठी भोकं उमटली, आणि डावीकडे एक बारीक.
तो डाग नव्हता.
दोन मिनिटंही लागली नाहीत.

४ सप्टेंबर, सोमवार, सकाळी सहा
मुकादमाने बाबांना परत घेतलं. नवीन माणूस म्हणून, सगळ्यात खालच्या थप्पीवर, जिथे पोती वाकून उचलावी लागतात.
कंबर बांधून चालत गेले.
मामाला अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन. निदान या आठवड्यात.