ओल्या दगडाचं नाव

मॅडम, तुमच्या देशात शिक्षकाला 'होजाम' म्हणतात हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पण माझ्या तोंडात मॅडमच बसलं, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ते बदलण्यात अर्थ नाही. मराठी तुम्हाला येत नव्हती. तरी मराठीतच लिहितो, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही चुका काढाल ही धास्ती अजून आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ओमानात सोहारच्या मागच्या डोंगरांत क्रोमाईट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, शोधणाऱ्या एका कंपनीत मी ड्रायव्हर. रत्नागिरीहून आलेला, दहावी पास. भूगर्भशास्त्राची जुनी पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन बाकी सगळं स्वतः शिकलेला, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. तुम्ही सल्लागार म्हणून आलात तेव्हा साठी ओलांडलेली, डोक्याला रुमाल, कमरेला हातोडी. गाडीतून उतरलात, एक दगड फोडलात आणि त्याच्या ताज्या अंगाला चक्क जीभ लावलीत. मला वाटलं, बाईंना भूक लागलीय. "दगड ओला झाला की खरं बोलतो," असं म्हणून दुसरा तुकडा माझ्यापुढे धरलात. "चाट." मी म्हटलं, "मॅडम, रोजा आहे." तुम्ही इतक्या हसलात की हातोडी खाली पडली. "अरे, मग बाटलीतलं पाणी टाक! विज्ञानाला थुंकीच लागते असं कुणी सांगितलं?" ईद झाल्यावर मीही चाटायला लागलो. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणते, "दगड चाटणाऱ्याशी निकाह लावलाय माझा, आईला काय सांगू?"

दुपारी आपण वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, बाभळीखाली बसलेलो असतो. तुम्ही एकावर एक दोन किटल्या ठेवून चहा करता, मी माझ्या पेल्यात दुधाची पावडर घालतो, तुम्ही तोंड फिरवता. मग गोष्टी. कॉलेजच्या वर्गात तुम्ही एकट्याच मुलगी. पहिल्या खाणीवर मुकादम आडवा आला: बाई खाली उतरली की छत कोसळतं. तुम्ही वाद घातला नाहीत. खाणीच्या तोंडाशी बसलात आणि वर येणाऱ्या गाड्यांमधला दगड बघून, खाली खनिजाची शीर कुठे वळली असेल ते ओरडून सांगायला लागलात. दरवेळी बरोबर! शेवटी मुकादमच म्हणाला, "ताई, खाली या, वरून ओरडू नका." मी विचारलं, "मग छत?" तुम्ही म्हणालात, "छत जागच्या जागी. मुकादम मात्र थोडा खचला." पुढे तिथल्या क्रोमाईटचे नकाशे तुम्ही काढलेत, आणि तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुली खाणीत उतरल्या. तुमच्या डोंगरांत सापडणारा समुद्राचा जुना तळ ओमानातही उघडा पडलाय, तो हात लावून बघायचा म्हणून निवृत्तीनंतर तुम्ही इथे आलात. लोक निवृत्तीनंतर नातवंडं बघतात.

मला कंपनीत टेक्निशियन व्हायचं होतं. ड्रिलमधून निघालेले दगडाचे दांडे ओळखून नोंदवायचे, ते काम. आमचा अर्बाब, म्हणजे ओमानी साहेब, म्हणाला, "ड्रायव्हर तो ड्रायव्हर. मॅडम लिहून देत असतील तर बघू." आणि तुमचा करार तर त्या आठवड्यात संपत होता. मी लिहून मागितलं, तर तुम्ही माझ्यावर कडाडलात, "तू दगड बघतच नाहीस, माझं तोंड बघतोस!" खरंच होतं. तुमची डावी भुवई हलली की मी उत्तर बदलत असे.

मग तुम्हीच माझी परीक्षा ठेवलीत. त्या दिवशी तुम्ही खुर्ची फिरवलीत आणि माझ्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत बसलात. अर्बाब शेजारी उभा. मी एकेक दांडा ओला करतोय, नाव सांगतोय, कारण सांगतोय, आणि तुमची पाठ काही म्हणजे काही बोलत नाहीय. शेवटच्याला मी छातीठोक म्हटलं, "ड्युनाईट. अंग गुळगुळीत आहे, क्रोमाईट जवळच असणार." तुम्ही उठलात, भिंग लावलंत. "चूक." चमकणारे बारीक कण दाखवलेत, ड्युनाईटात ते इतके नसतात. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा स्टिअरिंग.

"खलास?" अर्बाबने विचारलं.

"खलास कसलं? इतके दिवस हा माझी बरोबर उत्तरं मलाच परत देत होता. आज पहिल्यांदा स्वतःचं चुकीचं उत्तर दिलं, कारणासकट. याला घ्या." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केलीत. अर्बाब डोकं खाजवत म्हणाला, "चुकला म्हणून बढती! यल्ला, चला, दुसरा ड्रायव्हर शोधा."

आता मी ओमानातच अल अमेरातला राहतो, केस पिकलेत, काम तेच. हे पत्र पाठवायचं नाही. पाठवणार तरी कुठे. गेल्या आठवड्यात एका दांड्याला मी ड्युनाईट म्हटलंय. ऑफिसातले दोन नवे इंजिनिअर नाही म्हणतात. मी नाव बदललेलं नाही, बदलणारही नाही. पण एक कबूल करतो, मॅडम. त्यांनी माझं म्हणणं मान्य करावं असं मला फारसं वाटतच नाही. तुम्ही भिंग लावून एकदा 'चूक' म्हणाला असतात, तर मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत भांडलो असतो.